धरलेले वेग

सिग्नलला बस उभी होती. एका मोटारसायकलवाल्याने आपली गाडी बसच्या पुढ्यात आडवी घातली, उतरला, ड्रायव्हरच्या दाराखालच्या पायरीवर पाय देऊन वर चढला आणि उघड्या खिडकीतून हात आत घालून त्याने ड्रायव्हरच्या कानाखाली सणसणीत लगावली. "डोळे फुटले काय रे?" एवढंच म्हणाला. मग उतरला, हेल्मेट चढवलं आणि दिवा हिरवा होताच निघून गेला. सगळं इतकं झटपट झालं की मागच्या लोकांना बस का हलत नाही तेच कळेना. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते तसेच होते. गालावर आधी काहीच जाणवलं नाही. जाणवलं ते खाली. सकाळच्या पहिल्या फेरीपासून तो लघवी धरून बसला होता. शेवटच्या थांब्यावरच्या मुतारीला कुलूप होतं आणि परतीच्या फेरीला आधीच उशीर झाला होता. त्या फटक्याने अंग हिसकलं आणि थेंबभर सुटली. पँटवर डाग पडला असेल का, हा त्याचा पहिला विचार. थप्पड उशिरा पोचली. आधी गाल, मग कानाची पाळी, मग मानेची शीर, असं एकेक पेटत गेलं. त्याने गिअर टाकला.

"अरे ए थंडोबा," कंडक्टर गर्दीतून कोपरं मारत पुढे आला, "तू माणूस आहेस की धोंडा? उतरून एक ठेवून तरी द्यायचीस."

"जाऊ दे मास्तर. घंटी मार."

डेपोत सगळे त्याला थंडोबाच म्हणत. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर भांडणाची एक तक्रार नव्हती. साहेब आईवरून बोलला तरी तो मान खाली घालून बुटाच्या नाडीकडे बघत उभा राहायचा. प्रवासी अंगावर धावून आले की खिडकीची काच वर करायचा. नव्या पोरांना साहेब त्याचं उदाहरण द्यायचे, याच्याकडून शिका म्हणायचे. त्या दिवशीही त्याने बस सुरळीत चालवली, थांब्यावर थांबवली, म्हाताऱ्या बाईला चढायला वेळ दिला. पण पुढच्या थांब्यापर्यंत त्याने त्या मोटारसायकलवाल्याला एकदा मारलं होतं. पुढचं चाक हळू, अगदी हळू हेल्मेटवर चढवलं होतं. आधी टरफलाचा आवाज, मग आतल्या मऊ गराचा. त्याच्या पुढच्या थांब्यापर्यंत त्याला बसच्या मागे दोरीने बांधून फरपटत नेलं होतं, आणि दोरी इतकी लांब सोडली होती की आरशात तो नीट दिसावा. पुलावर चढताना त्याच्या तोंडात डिझेलची नळी घातली होती. प्रत्येक वेळी तो माणूस पहिल्यापासून जिवंत व्हायचा आणि खिडकीतून हात आत घालायचा. ओटीपोटात फुगलेला तो जड गोळा प्रत्येक खड्ड्याला हलत होता, आणि कुठलं दुखणं कुठलं, मुताचं की मारायचं राहून गेल्याचं, हे त्याला वेगळं काढता येत नव्हतं.

धरणं त्याला बापाने शिकवलं होतं. बाप गोदामात पोती वाहायचा. एकदा बापाचा डबा घेऊन गेलेला तो, आठ-नऊ वर्षांचा असेल, गोदामाच्या उंच ओट्यावरून खाली दगडावर पडला आणि त्याचा हात कोपरात भलतीकडेच वळला. तो हात आपलाच आहे हे आधी त्याला पटेना. मग गळ्यात आवाज आला. आवाज बाहेर पडायच्या आत बापाने त्याच्या तोंडावर पंजा दाबला. पंज्याला सुतळीचा आणि घामाचा वास होता. सगळे हमाल बघत होते. "गिळ," बाप म्हणाला. त्याला श्वास घेता येईना, डोळे बाहेर यायला लागले, बापाच्या बोटांच्या फटीतून शेंबूड ओघळला. "गिळ म्हणतो ना." मग त्याने गिळलं. ते खाली जाताना त्याला स्पष्ट कळलं होतं. तापलेला खिळा गिळावा तसं ते छातीतून गेलं आणि पोटात कुठेतरी जाऊन उभं राहिलं. बापाने पंजा काढला, पँटला पुसला आणि हमालांना म्हणाला, "माझं पोरगं आहे." त्या शब्दांचा त्याला अभिमान वाटला होता, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पुढे बाप मेला तेव्हा आत्या आल्यागेल्याला सांगत होती की बघा केवढा धीराचा, डोळ्यातून टिपूस नाही. टिपूस नव्हतंच. तो फक्त प्रेताच्या उजव्या पंज्याकडे बघत होता आणि त्यावर कुऱ्हाड कुठे घालावी, मनगटात की बोटांच्या मुळाशी, हे ठरवत होता.

दुपारी पाळी संपवून तो घरी आला. बायको बेकरीच्या काउंटरवर कामाला होती, ती नुकतीच येऊन ओट्याशी उभी होती. मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षातली, टेबलावर चादर पसरून त्याच्या वर्दीचा दुसरा शर्ट इस्त्री करत होती. त्याने बूट काढले. मुलीने शर्ट उचलून दाखवला. खिशाखाली इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग पडला होता.

"बाबा, थोडासा लागला," ती म्हणाली. "पण खिशाच्या खाली आहे. दिसणार नाही कुणाला."

नंतर त्याने पुष्कळदा आठवून पाहिलं. दिसणार नाही कुणाला, या शब्दांत काय होतं? काही नव्हतं. पण हात गेला होता. उघडा पंजा, खांद्यापासून सुटलेला, सबंध दिवसाचं वजन घेऊन. तो तिच्या डाव्या कानावर असा बसला की आवाज पोकळ आला, फुगवलेली पिशवी फोडावी तसा. ती कपाटावर आपटली. कपाटावरचे डबे खाली आले. त्याने इस्त्रीला लाथ घातली, चादर ओढली, तोंडाने काहीतरी ओरडत होता आणि ओरडताना त्याला आत थंड, मोकळं वाटत होतं; सकाळपासून प्रथमच श्वास पोटापर्यंत जात होता. बायको हातात सांडशी घेऊन मध्ये आली. तिला ढकलण्यासाठी उचललेली मूठ त्याने कशीतरी दारावर मारली. फळीला तडा गेला. मग शांतता झाली आणि त्या शांततेत मुलगी म्हणाली, "आई, मला शिट्टी ऐकू येतेय." तिच्या कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली होती.

हॉस्पिटलात बायकोने सांगितलं की दारावर आपटली. डॉक्टरांनी नळीतून कानात पाहिलं. "पडद्याला भोक पडलंय," ते म्हणाले. "बहुतेक भरून येईल. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही." मग त्यांनी मान वर केली आणि बायकोकडे नाही, त्याच्याकडे बघत म्हणाले, "दारावर पुन्हा आपटू नका म्हणजे झालं." तो बुटाच्या नाडीकडे बघत उभा राहिला.

त्यानंतर बायको मुलीच्या खोलीत निजायला लागली. खोलीची कडी आतून लागायची. कडीचा तो बारीक आवाज त्याला दातात खडा यावा तसा लागायचा, आणि आपण उठून ती कडी कोयंड्यासकट उखडून काढतोय असं चित्र डोळ्यांपुढे यायचं. तो उठायचा नाही. छताकडे बघत पडून राहायचा, जळजळ घशापर्यंत आली की उशीची घडी करून तिच्यावर टेकायचा.

अशातच एकदा बस चालवताना त्याच्या कमरेत कुणीतरी आतून सुरा फिरवला. बस कशीबशी कडेला घेऊन तो स्टिअरिंगवर कोसळला. मुतखडा निघाला. रक्तदाबही भलताच वर गेला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी प्या म्हणाले. कंडक्टर मात्र ऐकेना. "माझ्या सासऱ्याला ज्यांनी उभं केलं ना, त्या वैद्यबाईंकडे चल. गोळ्या घे, पण तिकडेही चल. पैसे मी देतो, उपकार तू मान."

वैद्यबाईंचा दवाखाना झेरॉक्सच्या दुकानावर होता. खालच्या मशिनची घरघर जमिनीतून तळव्यांना लागायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काचेच्या बरण्या, टेबलावर रक्तदाबाचं मशिन आणि शेजारी पितळी खल. बाई साठीकडे झुकलेल्या, आवाज बसका, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले, रक्तदाब मोजला, जीभ बघितली, मग मनगट हातात घेऊन नाडी बघू लागल्या.

"डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "खडा बारीक आहे, निघेल. पण खडे पाडायचा कारखाना तुम्ही चालू ठेवलाय, त्याचं काय करायचं? दिवसभरात काय काय अडवून धरता?"

"म्हणजे?"

"लघवी?"

"धरावीच लागते. बस सोडून कुठे जाणार?"

"पाणी?"

"पीत नाही. प्यायलं की लघवी लागते."

"भूक, झोप?" बाई विचारत गेल्या आणि तो हो म्हणत गेला. "जांभई?"

"जांभई दिली म्हणून एका प्रवाशाने फोटो काढून तक्रार केली होती. ड्रायव्हर पेंगतोय म्हणे."

"शिंक, ढेकर, सगळंच गिळता म्हणा की. आणि रडू?"

तो हसला. "बाई, मी ड्रायव्हर आहे."

"ड्रायव्हरला डोळे नसतात?" बाई हसल्या नाहीत. "आमच्या शास्त्रात याला वेग म्हणतात. तुमच्या बसचा नव्हे. शरीराला आतून हाक येते तो वेग. ती हाक आली की जायचं, अडवायचं नाही. अडवलेला वारा उलटा फिरतो. खडा होतो, घशाशी आग येते, डोकं ठणकतं, झोप उडते. तुम्हाला चार रोग झालेत असं वाटतंय, पण सवय एकच आहे."

त्याला बरं वाटलं. कुणीतरी आपली बाजू मांडतंय असं वाटलं. "मग सगळं सोडून द्यायचं?"

"सगळं नाही. दुसरेही वेग आहेत. ते धरायचेच, असं शास्त्र सांगतं. राग. हेवा. टाकून बोलणं. दुसऱ्याच्या अंगावर हात टाकणं." बाईंनी त्याचा उजवा हात अजून सोडला नव्हता. बोटांच्या सांध्यांवर खपली धरली होती. त्यांनी अंगठ्याने तिच्या कडेला हलकंसं चाचपलं. "हे दार, की माणूस?"

"दार."

"नेहमी दारच असतं?"

खालचं मशिन थांबलं. त्याने हात ओढून घेतला.

"तुमचं सगळं उलटं झालंय," बाई म्हणाल्या. "सोडायचं ते धरता. धरायचं ते सोडता."

राग पोटऱ्यांतून वर चढला. कानात बापाच्या पंज्यासारखं काहीतरी दाबून बसलं. त्याने खलाकडे बघितलं. तो उचलावा, दोन्ही हातांनी, आणि या चष्म्याच्या मधोमध घालावा. काच आधी फुटेल, मग नाकाचं हाड, मग बरण्यांवर लाल शिंतोडे. त्याने खल उचलला नाही, पण त्याची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली. आणि तेव्हा बाईंनी टेबलावर कागदांवर ठेवलेला काचेचा जड गोळा सावकाश उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर बंद केला. बाई घाबरल्यात हे त्याला दिसलं, आणि ते दिसताच त्याचा राग एकदम बसला. सवयीच्या अंथरुणावर पाठ टेकावी तसं वाटलं. ही भीती ओळखीची होती. तिने त्याला नेहमीच बरं वाटायचं.

बाईंनी पुड्या बांधून दिल्या, पाणी किती आणि कधी प्यायचं ते सांगितलं, तिखट-आंबट बंद केलं. दारात त्याने विचारलं, "रागावर औषध नाही?"

"पित्त कमी झालं की राग जरा निवेल," त्या बसूनच म्हणाल्या. "पण हात पित्तामुळे उठत नाही हो. तो तुम्ही उचलता."

त्याने बाईंच्या बोलण्यातलं सोपं अर्धं घेतलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, "माझं पित्त खवळलं होतं. वारा अडवल्यामुळे होतं तसं, बाईंनी सांगितलं." बायको कपडे भिजवत होती. "हो का," म्हणाली. एवढंच.

पण सोपं अर्धं त्याने मनापासून केलं. बाटलीभर पाणी घेऊन बसमध्ये बसू लागला. थांब्यावर बस लावली की पहिला उतरून मुतारी गाठायचा; कुलूप असलं तर तपासनीसाच्या तोंडावर, चावी द्या म्हणायचा. जांभई आली की जबडा फाडून द्यायचा. शिंक आली की शिंकायचा. "थंडोबाचं आता कारंजं झालंय," कंडक्टर सगळ्या डेपोला सांगायचा. एका सकाळी कळांनी तो भिंतीला डोकं टेकून घामाने निथळला, लालसर धार आली, आणि खडा पडला. तो त्याने चिमटीत धरून बघितला. काटेरी, तपकिरी, तांदळाच्या कणीएवढा. एवढ्याशा गोष्टीने मला जनावरासारखं लोळवलं. त्यानंतर त्याला झोप लागू लागली. जळजळ ओसरली. रक्तदाब उतरला. चालताना पाय हलके पडायचे, आणि आपण बरे झालो, घरही आता बरं होईल असं त्याला वाटायचं. घर बरं होत नव्हतं. कडी लागतच होती. मुलगी जेवायला डावी बाजू भिंतीकडे करून बसायची. त्याने काही विचारलं तर आईकडे बघायची, आई ते पुन्हा सांगायची, मग मुलगी उत्तर द्यायची. मुद्दाम करते, असं त्याला वाटायचं, आणि बोटं तळहातात वळायची. पोट साफ होतं, डोकं शांत होतं, झोप झालेली होती, आणि तरीही ती बोटं वळत होती. हे कसं, हे त्याला समजत नव्हतं. समजून घ्यावंसं वाटतही नव्हतं.

मग पुलावरचा दिवस आला. पुढे कुठेतरी अपघात झाला होता आणि वाहनं अंगाला अंग लावून उभी होती. ऊन पत्र्यावर आपटत होतं. बसमध्ये माणसं एकमेकांच्या घामाला चिकटली होती, कुणाचं तरी मूल एकसारखं रडत होतं. त्याला हाक आली. तो थांबला, पुन्हा आली. गाड्या हलायचं नाव नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं, कंडक्टरला खूण केली आणि उतरून पुलाच्या टोकाशी झुडपं होती तिकडे गेला. तिथे उभं असताना त्याला इतकं सुख वाटलं की डोळे मिटले. मागून भोंग्यांचा गिलका उठला. वळून बघतो तर पुढच्या गाड्या सुटल्या होत्या, बसपुढे मोकळा रस्ता होता आणि त्याच्या बसमागे सगळं शहर तुंबलं होतं.

तो धावत आला. दाराशी माणसं उतरलेली होती. "मुतायला गेला होता हा!" कुणीतरी ओरडलं. "माझी मुलाखत गेली, माझी नोकरी गेली," एक तरुण माणूस फाईल नाचवत रडकुंडीला येऊन सांगत होता. पहिला फटका मानेवर बसला, फाईलचाच. मग कुणी कॉलर धरली. पायरीवर चढता चढता त्याला मागे ओढलं, डोकं दाराच्या दांड्यावर आपटलं, आणि तो पडल्यावर पाय सुरू झाले. बूट, चपला, एक टोकदार सँडल बरगडीत. कंडक्टर मध्ये पडला तर त्याचं तिकिटांचं मशिन हिसकून त्याच्याच कपाळावर हाणलं. ड्रायव्हरने तोंड झाकलं नाही. आश्चर्य एवढंच वाटत होतं की या लोकांना आपण ओळखत नाही आणि तरी यांच्या लाथा किती घरच्यासारख्या आहेत. यांच्यापैकी कुणालाही माझ्याशी घेणंदेणं नाही, हे सकाळपासून कुठेतरी मार खाऊन आलेत. कसाबसा सरपटत तो पायऱ्या चढला, आपल्या सीटपर्यंत पोचला आणि सीटखाली हात घातला. टायर काढायची लोखंडी टॉमी हाताला लागली. तो उभा राहिला.

त्याच्यामागे बसमध्ये चढलेली गर्दी एका श्वासात मागे सरली, दारातून ओघळून बाहेर पडली. एकजण मात्र इंजिनचं झाकण आणि पहिली सीट यांच्या बेचक्यात अडकला. फाईलवाला. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते, कोपर पुढे काढलं होतं, आणि कोपराखालून त्याचा एक डोळा बघत होता. तो डोळा टॉमीकडे बघत नव्हता, ड्रायव्हरच्या खांद्याकडे बघत होता. फटका केव्हा सुटेल ते खांद्यावरून आधी कळतं. हे ज्याला माहीत असतं तो पूर्वी पुष्कळ मार खाल्लेला असतो. ड्रायव्हरलाही ते माहीत होतं. त्याच्या बायकोला माहीत होतं. ती नेहमी त्याच्या खांद्याकडे बघते, चेहऱ्याकडे कधीच नाही, हे त्याला या क्षणी, हातात लोखंड आणि तोंडात रक्त असताना, पहिल्यांदा दिसलं. हात खाली यायला आसुसले होते. दंडाचं मांस थडथडत होतं. ते डोकं फुटावं असं त्याला इतकं वाटलं, इतकं, जणू तीच तहान. त्याने टॉमी खिडकीतून बाहेर फेकली. ती पुलाच्या कठड्यावर खणखणून खाली गेली. तेवढ्यात मागून कुणीतरी बाटली त्याच्या डोक्यात फोडली आणि उजेड लाल झाला.

डोक्याला टाके पडले. पोलीस आले, जबाब झाले. डेपोत साहेबांनी स्वतः खुर्ची दिली. "इतका मार खाल्ला, पण एकाला बोट लावलं नाही," ते सगळ्यांना सांगत होते. कपाळाला पट्टी बांधलेला कंडक्टर म्हणाला, "मी पाहिलं ना, टॉमी हातात होती. दुसरा कुणी असता तर मुडदा पडला असता." संध्याकाळी तो घराकडे निघाला तेव्हा बरगड्या प्रत्येक पावलाला ओरडत होत्या, पण आत काहीतरी उजळलं होतं. राग धरला होता त्याने. बाईंच्या बोलण्यातलं अवघड अर्धंही जमलं होतं. जिने चढताना तो शब्द जुळवत होता. बायकोला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, मुलीलाही बाहेर बोलवायचं.

बायकोने दार उघडलं. डोक्याची पट्टी बघितली, सुजलेला ओठ बघितला, बाजूला झाली, पाणी आणून दिलं. त्याने सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"मी हात उचलला नाही," तो शेवटी म्हणाला. "हातात लोखंड होतं, तरी नाही. धरला मी राग."

तिने टॉवेलची घडी पुरी केली. ती ढिगावर ठेवली.

"बाहेर तू कधीच उचलला नाहीस," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. तो तू खोलीत पडला आणि तसाच पडून राहिला.

"काय म्हणालीस?"

"साहेबासमोर धरतोस. प्रवाशांसमोर धरतोस. डोक्यात बाटली फोडली त्याच्यासमोर धरलास. म्हणजे धरता येतो तुला. पहिल्यापासून येतो." तिचा आवाज चढला नव्हता. "या दाराच्या आतच तेवढा येत नाही. हे कुठलं पित्त? मला सांग ना. कुठलं?"

राग आला. पुलावर आला होता त्याच्या कितीतरी पट. बरगड्या दुखायच्या थांबल्या, टाके दुखायचे थांबले, सगळं अंग एका खांद्यात गोळा झालं. तिची नजर त्या खांद्यावर होती. आतल्या खोलीचं दार उघडून मुलगी बाहेर आली; तिने आधीच डाव्या कानावर तळहात ठेवला होता, आणि आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. कुणी किंचाळलं नाही. दोघी नुसत्या वाट बघत होत्या. हात वर गेला होता. तो कधी वर गेला ते त्याला कळलं होतं. यावेळी पूर्ण कळलं होतं, खांद्यापासून बोटांपर्यंत, एखादं यंत्र आपण चालवतोय हे कळावं तसं. त्याने तो हात ओढून तोंडात घातला आणि मनगटाच्या वर, मांसात, दात रुतवले. कातडी फाटली. आपल्या रक्ताची चव आली. त्याने दात सोडले नाहीत. घशातून एक घाणेरडा, जनावराचा आवाज येत होता, आणि तो आवाज तो गिळत नव्हता.

बायकोने एक घडी घातलेला टॉवेल उचलून त्याच्या पायाशी टाकला. "गुंडाळ," ती म्हणाली. "आणि जा."

"कुठे?"

"डेपोत निजायची सोय आहे ना. तिथे."

"किती दिवस?"

मुलीने आईकडे बघितलं, मग त्याच्याकडे, चेहऱ्याकडे, आणि म्हणाली, "बाबा, जा तुम्ही."

त्याने टॉवेल मनगटाला गुंडाळला. चप्पल घालताना वाकता येईना, तेव्हा तशीच पायात सरकवली. दार त्याने स्वतःच ओढून घेतलं. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कमरेत कळ आली आणि तो भिंतीला धरून बसला. आतून कडी लागली.

"गेले?" मुलीचा आवाज आला.

"गेला."

मग आत ताटं निघाली. एक जमिनीवर ठेवलं, खणकन. दुसरं. डावाचा आवाज पातेल्याच्या काठावर, पेला कलंडल्याचा, तो सावरल्याचा, कुणीतरी मीठ दे म्हणाल्याचा. दोघी जेवत होत्या, आणि भांडी वाजत होती. तो ऐकत राहिला, टॉवेलमधून रक्त कोपराकडे उतरेपर्यंत. इतक्या वर्षांत आपल्या घरात जेवताना भांडी वाजलेली त्याने कधी ऐकली नव्हती. मग तो कठड्याला धरून उठला, आणि चपलेचा आवाज होऊ न देता खाली उतरू लागला.